७ बाय ९ चं जुनं स्वयंपाकघर, बजेट ७० हजार, पैसे नेमके कशात घालावेत?

भाग्यश्री_साखरपेठ

नमस्कार सगळ्यांना. घर सोलापूरच्या साखर पेठेतलं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. भिंती दगड-मातीच्या, दोन फूट जाड, पूर्वी वर माळवद (मातीचं सपाट छत) होतं ते उतरवून आता पत्रे आहेत. स्वयंपाकघर ७ बाय ९. जुना कडप्प्याचा ओटा आहे, मधे तडकलाय आणि उंची जेमतेम अडीच फूट, त्यामुळं वाकून वाकून कंबर धरते. सिंक नाहीच, भांडी मागच्या मोरीत नेऊन घासायची. पाणी चार दिवसाआड म्हणून २०० लिटरचे दोन ड्रम आतच उभे आहेत, वर प्यायच्या पाण्याचे हंडे, म्हणजे निम्मी जागा पाण्यातच गेली.

एका मॉड्युलर किचनवाल्यानं मापं घेऊन १ लाख ९० हजारांचं कोटेशन दिलं. फोटो बघितले, छानच दिसतंय, पण आमच्याकडं भिशीचे आणि साठवलेले मिळून ७० हजार आहेत, कर्ज काढायचं नाही हे आमचं ठरलंय. ह्यांचं म्हणणं ओटा तेवढा बदलू आणि बाकी रंग मारून घेऊ. पण एकदा तोडफोड होणार तर नीट व्हावं असं मला वाटतं, परत परत होत नाही हो हे.

अजून एक म्हणजे सासूबाई रोजच्या भाकरी खाली बसूनच करतात, बारका गॅस खाली घेऊन. गुडघ्यामुळं त्यांना उभं राहून जमत नाही आणि त्यांच्या हातची भाकरी घरात सगळ्यांना लागते, त्यांची जागा मोडून मला नवं स्वयंपाकघर नकोय.

भिंतीला खालून दीडेक फूट खार फुटतो, रंग टिकत नाही. उन्हाळ्यात तर दुपारी आत उभं राहवत नाही. ग्रॅनाइट घ्यावा का कडप्पाच बरा? ट्रॉल्या लागतातच का? वर भिंतीला कपाटं बसतील का? आणि त्या ड्रमचं काय करू, ते सांगा प्लीज.

साइटवाला

वहिनी, ते कोटेशन आधी बाजूला ठेवा. फक्त पैशासाठी म्हणत नाही, तुमच्या भिंतीला ते काम बसणारच नाही. मी साइटवरच असतो, पेठांतली जुनी घरं बरीच बघितलीत. दगड-मातीच्या भिंतीला प्लाय चिकटवून कपाट केलं की मातीच्या सांध्यातनं वाळवी येते, आणि बाहेरनं सनमायका चकचकीत दिसत असतो तोवर मागची पाटी भुसा झालेली असते. वरची कपाटं तर अजिबात लावू नका. फास्टनर (भिंतीत ठोकायचा बोल्ट) पकडायला काँक्रीट नाहीतर पक्की वीट पाहिजे, तुमच्या भिंतीत दगड लागला तर ड्रिल चालत नाही आणि माती लागली तर फास्टनर जागेवरच गोल फिरतो. डबे-बरण्या भरलेलं कपाट आणि खाली गॅसपाशी माणूस उभं, हे मी तरी करू देणार नाही.

पण त्याच भिंतीचा फायदा पण आहे की. जुन्या घरात कोनाडे असतात, तुमच्यातही असणार, कुठंतरी बुजवले असतील तर टकटक करून बघा. आहेत तेच साफ करून आतनं प्लास्टर करायचं, तळाला आणि मधे ग्रॅनाइटचा तुकडा टाकायचा, झालं कपाट, एक इंच जागा न खाता. खिडकीची पाटी पण दोन फूट खोल असणार, तिथं तुमचे पाण्याचे हंडे बसतील. नवीन कोनाडा मात्र खोदू नका, भार त्याच भिंतीवर असतो.

खार म्हणजे भिंत खालनं पाणी ओढते आणि सुकताना मीठ बाहेर टाकते. पलीकडं काय आहे ते बघा, मोरी का गटार का रस्त्याची नाली. मोरीचं पाणी मुरत असेल तर पहिला खर्च तिकडं. बरेच जण खार झाकायला खालपासून वरपर्यंत टाईल्स मारतात, पण मग ओल आतल्या आत वर चढते आणि टाईल्सच्या वर फुटते. ओट्याच्या वर दोन फूट टाईल्स घ्या, ओट्याखालची भिंत चुन्यानं रंगवून मोकळी ठेवा, तिला सुकू द्या.

दाजीपेठची_रेणुका

ड्रमचं मी सांगते, आमच्याकडं हेच होतं. ड्रम ओट्याखाली जाईल असं सगळ्यांना वाटतं, पण २०० लिटरचा ड्रम जवळजवळ तीन फूट उंच असतो, तो ओट्याखाली बसत नाही, आणि बसला तरी पाणी काढायला झाकण कसं उघडणार? आम्ही दोन्ही ड्रम मागच्या अंगणात नेले, सावलीत, झाकणाला जाळी बांधून, आणि अर्ध्या एचपीची छोटी मोटर लावली. मोरीवर लोखंडी अँगलचा स्टँड केला जमिनीपासून, त्यावर २०० लिटरची टाकी, तिथनं पाईप सिंकच्या नळाला. टाकी नळाच्या वर पाच-सहा फूट असली तरी धार चांगली येते. सकाळी एकदा मोटर लावायची की दिवसभर नळाला पाणी, मग पाणी रोज येवो न येवो.

स्टँड भिंतीत ठोकू नका हं, २०० लिटर म्हणजे दोनशे किलो, अँगल जमिनीतच गाडून घ्या.

माझं तर म्हणणं सगळ्यात आधी सिंक करा. बाकी काहीही राहिलं तरी चालेल. भांडी उचलून मोरीत नेणं आणि परत आणणं ह्यात बाईचा जीव किती जातो ते करणाऱ्यालाच माहीत.

साइटवाला

रेणुकाताईंचं बरोबर आहे. सिंकचा पाईप दोन इंची घ्या, उतार दर फुटाला पाव इंच तरी पाहिजे आणि शेवटी बाहेर जाळी-ट्रॅप, नाहीतर गटारातनं झुरळं थेट सिंकमध्ये. सिंक ज्या भिंतीच्या मागं मोरी त्याच भिंतीला घ्या, पाईप कमी लागतो.

ग्रॅनाइट का कडप्पा, तर वर ग्रॅनाइट, खाली कडप्पा. कडप्पा आणि आपली शहाबादी फरशी दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ॲसिड काहीही पडलं की चमक जाते आणि दगड खाल्ला जातो. आणि सोलापूरचं पाणी जड, नळाभोवती पांढरा थर बसतोच, तो काढायला बायका लिंबू नाहीतर ॲसिड चोळतात, तिथंच कडप्प्याची वाट लागते. ग्रॅनाइटला लिंबा-चिंचेनं सहसा काही होत नाही. पण ओट्याखालचे उभे सपोर्ट आणि फळ्या कडप्प्याच्याच करा, दोन-अडीच फुटांवर एक उभा, ओल लागू दे, वाळवी येऊ दे, दगडाला काय फरक पडतोय. खालच्या फळीखाली चार बोटं मोकळी ठेवा म्हणजे फरशी पुसता येईल.

ग्रॅनाइटच्या गोडाऊनला गेलात की कटपीस विचारा. मोठ्या साइटवरनं उरलेले पाच-सहा फुटी तुकडे असतात, भाव बराच पडतो. जोड कोपऱ्यात येऊ द्या, सिंकच्या कापावर किंवा शेगडीखाली नको. फार काळा घेऊ नका, त्यावर पाण्याचे पांढरे डाग उठून दिसतात, ठिपक्यांचा राखाडी-तपकिरी बरा. टाईल्सचं पण तसंच, दोन-तीन बॉक्स उरलेला माल स्वस्तात मिळतो आणि तुम्हाला तेवढाच लागणार आहे.

खालची फरशी शहाबादी असेल तर काढू नका. तुटलेल्या तेवढ्या बदला, सांधे भरून पॉलिश मारून घ्या. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद आपल्याला जवळच आहे, म्हणून ती फरशी इथं मिळते पण आणि परवडते पण. उन्हाळ्यात पायाला गार लागते ते वेगळंच.

कुर्डुवाडीकर

ट्रॉली घेताना खिशात चुंबक ठेवा. चिकटलं नाही म्हणजे ३०४ स्टील, चांगलं.

साइटवाला

दादा, तेवढ्यानं कळत नाही. ३०४ ला पण चिकटत नाही आणि २०२ ला पण नाही, दोन्हीकडं सारखंच. घट्ट चिकटलं तर ते ४३० सारखं हलकं स्टील असणार एवढं कळतं. आपल्या पाण्यात २०२ च्या तारा वर्षा-दोन वर्षात तांबारतात, वेल्डिंगपाशी आधी. बिलावर ३०४ असं लिहून घ्या, लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

जुळेसोलापूरची_अक्का

भाग्यश्री, मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूनं लिहितेय 🙂 त्यांची जागा ठेवायचं मनात आणलंस हे फार चांगलं केलंस. पण खाली गॅस ठेवून भाकरी करणं धोक्याचं आहे ग. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगतच पसरतो, आणि शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वर पाहिजे. खाली शेगडी आणि शेजारी सिलिंडर उभा म्हणजे उलटंच झालं.

आमच्याकडं आईंसाठी आम्ही ओट्याला एका टोकाला बुटका भाग केला, २८ इंच उंच, तीन फूट रुंद, खाली पूर्ण मोकळं, फळी नाही काही नाही, म्हणजे गुडघे आत जातात. पुढं स्टूल. बसून थापायचं, शेगडी डाव्या हाताला त्याच उंचीवर. घरगुती सिलिंडर सव्वादोन फुटाच्या आत येतो म्हणजे शेगडी त्याच्या वरच राहते. पहिले काही दिवस आई नाराज होत्या, परात सरकते म्हणायच्या, खाली काठवट कशी पायानं दाबून धरता येते तसं स्टूलवर होत नाही. मग परातीखाली टॉवेलचा जाड तुकडा ओला करून घातला, हलायची बंद झाली. आता त्या सकाळी बसल्या की दहा-बारा भाकरी उतरवूनच उठतात, तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवायला वाकावं पण लागत नाही.

तुझ्यासाठी उंची वेगळी काढ. सरळ उभी राहा, कोपर वाक, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा पाहिजे. साधारण ३३-३४ इंच येईल, पण गवंड्याला "नेहमीसारखा" म्हणून सोडू नको, भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून दे. आणि रेघ वरच्या दगडाच्या पाठीला धरायची हे पण सांग, नाहीतर तो सपोर्ट तेवढा उंच करतो आणि दगड-मसाला धरून दोन इंच वाढतात.

ट्रॉल्या तीनच घे. एक वाट्या-चमच्यांची, एक ताटांची, एक मसाल्याच्या डब्यांची. बाकी कडप्प्याच्या फळ्यांवर डबे आणि पुढं ॲल्युमिनियम सेक्शनची दारं, ती पण आत्ता नाही झाली तर दिवाळीनंतर कर. ज्वारीची कोठी स्वयंपाकघरात ठेवू नको, लागेल तेवढं पीठ-धान्य आत, कोठी पुढच्या खोलीत. आणि स्टीलची जुनी भिंतीची मांडणी असेल तर ती मोडीत घालू नको बाई, ओली भांडी निथळायला तिच्यासारखं काही नाही, सिंकच्या वर खिळा धरतो त्या जागी लावून घे, नाहीतर खालनं अँगलचे पाय दे.

एमएच१३_वायरमन

वायरिंग कुणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. प्लास्टर आणि टाईल्सच्या आधी वायरिंग, हे गवंड्याला आणि वायरमनला दोघांना समोरासमोर बसवून सांगा. जुन्या घरात एकाच बारीक वायरवर फ्रीज, मिक्सर, मोटर सगळं असतं. फ्रीज आणि इंडक्शन-ओव्हनसाठी १६ अँपियरचे पॉइंट, त्याला २.५ एमएमची वायर, मोटरला वेगळी लाईन, आणि बोर्डात ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन लगेच तोडणारा स्विच) घ्याच. ओल्या भिंती, ओले हात, लोखंडी स्टँड, सगळं आहे तुमच्याकडं, शॉक लागला तर तीच जीव वाचवते. अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर ते आधी. हे पैसे दिसत नाहीत म्हणून लोक इथंच वाचवतात आणि मला फार वाईट वाटतं बघून.

बोर्ड ओट्याच्या वर एक फूट, सिंक आणि शेगडी दोन्हीपासून लांब.

गॅसची नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, आयएसआय मार्कची सुरक्षा नळीच घ्या, पाच वर्षांनी बदलायची, नळीवर तारीख असते. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार तर त्या कप्प्याला बंद दार नको, खालच्या बाजूला जाळी पाहिजे. आणि नळी ट्रॉलीच्या मागनं नेऊ नका, ओढ-ढकल करताना घासते.

उन्हाळ्याचं म्हणाल तर शेगडीच्या वर जितकं उंच जमेल तितकं एक्झॉस्ट फॅन, बारा इंची, आणि समोरच्या बाजूनं हवा आत यायला खिडकी नाहीतर झरोका उघडा. हवा आतच आली नाही तर फॅन नुसता फिरतो. चिमणी ह्या बजेटमध्ये नको.

दाजीपेठची_रेणुका

पत्र्याला आतनं थर्माकोल किंवा पीव्हीसीचं सीलिंग मारू नको भाग्यश्री, शेगडीच्या वर ते वितळतं, पेट पण घेऊ शकतं. पत्रा बाहेरनं पांढरा कर. उष्णता परतवणारा पांढरा रंग मिळतो, पत्रा घासून गंज काढून दोन हात मारायचे, मार्चच्या आधी. आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो तेव्हा हात लावून बघ, पांढऱ्या आणि साध्या पत्र्यात किती फरक असतो.

भाग्यश्री_साखरपेठ

एवढं मनापासून सगळ्यांनी लिहिलंत, खरंच खूप आधार वाटला. काल आम्ही दोघांनी बसून मापं काढली. कोनाडे तीन निघाले! एक फ्रीजच्या मागं होता, दुसऱ्यात कॅलेंडरं आणि औषधं कोंबलेली, आणि तिसरा पूर्ण बुजवलेला, साइटवाले दादांनी सांगितलं तसं टकटक केल्यावर पोकळ आवाज आला. सासूबाई म्हणाल्या तिथं पूर्वी चिमणी ठेवायचे, रॉकेलची.

खार येतो त्या भिंतीमागं मोरीच आहे. मोरीच्या कडेची फरशी हलते, पाणी तिथनंच मुरतंय. म्हणजे मोरीची ती बाजू, सिंकचा पाईप आणि टाकीचा स्टँड एकाच भिंतीला येतंय, प्लंबरचं काम एकदाच होईल.

अक्का, तुम्ही म्हणालात तसं करून बघितलं. ओटा बांधायच्या आधी शिलाई मशीनच्या टेबलावर परात ठेवली, ते टेबल तीस इंचाला थोडं कमीच आहे. आधी म्हणाल्या "मला नको तुमचं ते टेबल". मग खाली ओला टॉवेल घातला, एक थापली, दुसरी थापली, तिसऱ्या वेळी म्हणाल्या अजून दोन बोटं खाली पाहिजे. म्हणजे २८ च बरोबर बसतंय. शेगडी डावीकडं नको उजवीकडं पाहिजे म्हणाल्या, त्या भाकरी उजव्या हातानं तव्यावर टाकतात.

आता पैशाचं असं ठरवलंय की मोरी-पाईप-टाकी-मोटर, मग वायरिंग, मग ओटा आणि सिंक, त्यात उरलं तर तीन ट्रॉल्या. दारं आणि रंग पुढच्या भिशीला. ह्यांना पण पटलं, कारण त्यांना वाटत होतं रंगानं घर नवं होतं, पण खाराच्या भिंतीवर दरवर्षी रंग मारून किती पैसे गेले ते त्यांनीच मोजून सांगितलं. 

एकच विचारायचं राहिलं, काम कधी काढू? गवंडी म्हणतोय एप्रिलमध्ये मोकळा आहे.

साइटवाला

एप्रिलमध्ये नको. सिमेंटला पाणी मारायला लागतं, ओट्याचं आणि प्लास्टरचं काम सात दिवस तरी ओलं राहिलं पाहिजे. सोलापूरच्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता उडतं, आणि तुमच्याकडं पाणी चार दिवसाआड. प्लास्टरला केसासारख्या चिरा पडतात मग. दिवाळी झाली की सुरू करा आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी उरका, संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजाच्या मिरवणुका सुरू झाल्या की गडी कामावर मिळणं अवघड. मोरीची फरशी तेवढी मात्र पावसाळ्याच्या आधीच करून घ्या, भिंत सुकायला तेवढा वेळ मिळतो, मग दिवाळीनंतर कोरड्या भिंतीला टाईल्स बसतील.

आणि गवंड्याला अंगावर (एकरकमी) काम देऊ नका, ओट्याचा दर रनिंग फुटावर ठरवा, तोडफोडीचा मलबा कोण उचलणार ते पण आत्ताच बोलून घ्या, पेठेत टेम्पो आत येत नसेल तर त्यावरनं नंतर वाद होतात.

जुळेसोलापूरची_अक्का

काम चालू असताना स्वयंपाक कुठं करणार ते पण ठरवून ठेव. सिलिंडर आणि शेगडी पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर मांड, रात्री रेग्युलेटर बंद करूनच झोपा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आधीच करून ठेव, धुळीच्या दिवसात त्याच कामी येतात. सासूबाईंना विचार, त्यांना किती दिवस आधी करायच्या ते बरोबर माहीत असेल. ओटा झाला की फोटो टाक.

भाग्यश्री_साखरपेठ

नक्की टाकते अक्का. दादा, मोरीच्या कामाला उद्याच माणूस बोलावतेय. मलब्याचं बरं सांगितलंत, आमच्या बोळात टेम्पो येतच नाही, हातगाडीच लागणार.